गोमंतकातील ख्रिस्ती शोकमूर्ती आणि भक्तीचा विधी

गोमंतकातील ख्रिस्ती देवळांतील लाकडी मूर्तींविषयी एक अभिप्राय वारंवार ऐकू येतो. कोरीव कामात कौशल्य आहे, रंगकाम नेटके आहे, परंतु मुखावर भाव नाही, असा तो अभिप्राय होय. विशेषतः दुःखमातेच्या, म्हणजे क्रुसावरील पुत्राच्या मरणाने विदीर्ण झालेल्या मारियेच्या, मूर्तीविषयी तो अधिक कठोरपणे दिला जातो. युरोपीय शिल्पे पाहून आलेल्या दृष्टीला हा चेहरा थिजलेला वाटतो. हा अभिप्राय निरीक्षण म्हणून पुष्कळ अंशी खरा असला, तरी निर्णय म्हणून चुकीचा आहे, असे आम्हांस वाटते.

मराठवाड्यातील अभ्यासकाने हा विषय का हाती घ्यावा, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. बीडच्या पश्चिमेस लागून असलेल्या अहमदनगर (आजच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनचे कार्य 1831 पासून सुरू झाले. परंतु ते प्रॉटेस्टंट पंथाचे असल्याने तेथे मूर्तीला स्थान नव्हते. तेथील ख्रिस्ती भक्तीने शोकासाठी शब्दाचा आश्रय केला. नारायण वामन टिळकांची भजने आणि त्यांच्या हातून अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ ही त्याची साक्ष होय. शोकाला लाकडात आणि हस्तिदंतात आकार देणारी मराठी मुलखाजवळची परंपरा पाहावयाची, तर गोमंतकाकडेच वळावे लागते. तिकडे वळताना बीड जिल्ह्यातील अभ्यासक रिकाम्या हाताने जात नाही, हे पुढे दिसेल.

प्रथम युरोपाकडे पाहू. शोकमूर्तीची तेथेही एकच रीत नव्हती. चौदाव्या शतकाच्या आरंभीची, आज बॉन येथील संग्रहालयात असलेली, ‘र्‍योटगेन पिएता’ नावाची लहानशी जर्मन लाकडी मूर्ती अंगावर येते. ख्रिस्ताचे शरीर काष्ठवत झालेले, जखमांतून रक्ताचे गोळे बाहेर आलेले, आणि मातेच्या मुखावर जवळजवळ संताप. त्यानंतर सुमारे पावणेदोनशे वर्षांनी, 1498-99 मध्ये, मायकेलँजेलोने रोममध्ये संगमरवरात तोच प्रसंग घडविला. तेथे मारिया पुत्राहूनही तरुण भासते आणि आक्रोशाचा मागमूस नाही. सतराव्या शतकातील स्पेनने पुन्हा उलट टोक गाठले. पेद्रो दे मेनासारख्या शिल्पकाराच्या दुःखमातांच्या गालांवर काचेचे अश्रू आहेत. गोमंतकीय मूर्ती काळाने या स्पॅनिश मूर्तींच्या जवळच्या असल्याने तुलना त्यांच्याशी होते, आणि तुलनेत त्या हरतात.

परंतु ही तुलना करताना आपण काय तोलतो? गोव्यातील कित्येक शोकमूर्ती समग्र शिल्पे म्हणून घडविलेल्याच नाहीत. मस्तक आणि हात तेवढे नीट कोरलेले, आणि बाकीचे शरीर म्हणजे लाकडी पट्ट्यांचा सांगाडा. त्यावर खरी वस्त्रे चढवावयाची. पोर्तुगीज परंपरेत अशा मूर्तींना ‘रोका’ मूर्ती म्हणतात. ज्या मूर्तीचे नऊ दशांश अंग कापडाखाली झाकले जाणार, तिच्या अंगकाठीचा विचार कोरणाऱ्याने का करावा? क्रुसावरील ख्रिस्ताच्या काही मूर्तींचे हात खांद्यापाशी हलते ठेवलेले असतात. गुड फ्रायडेच्या दिवशी खिळे काढून ही मूर्ती क्रुसावरून उतरवली जाते, हात देहालगत मिटवले जातात, आणि तिला तिरडीवर ठेवून मिरवणूक निघते. त्या दिवसांत घंटा मुक्या असतात; त्यांच्या जागी मात्राक नावाचे लाकडी खटखटणारे साधन वाजते. काळ्या वस्त्रातील माता मागून चालते, मोतेत गाइले जातात. उपवासकाळात क्रूस वाहणारा पुत्र आणि त्याची माता यांच्या मूर्ती दोन वाटांनी आणून समोरासमोर भेटवण्याचीही प्रथा आहे. तो क्षण कोणत्याही एका मूर्तीत कोरलेला नाही. तो दोन मूर्तींमधल्या अंतरात आहे, आणि ते अंतर माणसांच्या खांद्यांवरून तोडले जाते.

म्हणूनच तो चेहरा शांत असणे आवश्यक आहे. गालांवर काचेचे अश्रू असलेली मूर्ती वर्षभर तेच अश्रू ढाळीत राहते. तिने भक्तासाठी काही शिल्लक ठेवलेले नसते. गोमंतकीय मातेचा चेहरा शोक सांगत नाही, कारण तो सांगण्याचे काम वस्त्र, चाल, गायन आणि घंटांचे मौन यांच्याकडे सोपविलेले आहे. याला अप्रस्तुत वाटेल असा एक दाखला देतो. अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यात महापरिनिर्वाणाचे सुमारे सात मीटर लांबीचे शिल्प आहे. बुद्धाचे मुख पूर्ण शांत आहे; खाली शिष्य शोकाकुल आहेत, वर देव हर्षित आहेत. शोक तेथेही वाटून दिलेला आहे, मात्र शिल्पाच्या चौकटीतच. गोव्यात तो चौकटीबाहेर, मिरवणुकीत चालणाऱ्यांना वाटून दिला जातो.

या शोकाला रसव्यवस्थेत कोठे बसवावे? सामान्यतः ‘करुण’ असे उत्तर दिले जाईल. परंतु भरताने करुण आणि विप्रलंभ यांत केलेला भेद येथे विसरता येत नाही. करुण निरपेक्ष असतो, त्यात पुनर्भेटीची आशा नसते. विप्रलंभ सापेक्ष असतो. गुड फ्रायडेला तिरडीमागून चालणाऱ्या प्रत्येकाला रविवार ठाऊक असतो. तेव्हा हा करुण नव्हे. मराठी संतांच्या विरहिणींत जो भाव आहे, त्याच्याशी त्याचे नाते अधिक निकटचे आहे. चेहऱ्यावरील शांतीचे हे दुसरे कारण मानावयास हरकत नाही.

हा निकटपणा कल्पनेचा खेळ नाही. फादर स्टीफन्सचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये साष्टीतील रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ देवळांत वाचला जाई, आणि ख्रिस्ताचे दुःखभोग श्रोत्यांना ओवीतूनच परिचित होत. त्याच्या आगेमागेच, 1615 च्या सुमारास, आंबेजोगाईस दासोपंतांनी देह ठेवला. दोघांचा परस्परांशी संबंध नव्हता. परंतु भाषा आणि छंद एकच होते. मूर्ती घडविणारे हातही इथलेच होते. ख्रिस्ती मूर्तिकामात हिंदू कारागिरांना मज्जाव करणारे निर्बंध सोळाव्या शतकात गोव्यात पुन्हा पुन्हा काढावे लागले, यावरूनच ते किती पाळले गेले हे कळते.

आंबेजोगाईच्या योगेश्वरीचा तांदळा ज्याने पाहिला आहे, त्याला वस्त्र काय करू शकते हे समजावून सांगावे लागत नाही. तेथे पाषाणात कोरीव तपशील शोधून कोणी देवीच्या कलात्मकतेचा निर्णय देत नाही. शेंदूर, मुखवटा, पातळ आणि अलंकार यांसह जी उभी राहते ती देवी. तथापि हे साम्य एका मर्यादेपलीकडे ताणू नये. तांदळ्याला कथा नसली तरी चालते, तो स्वयंभू मानला जातो. दुःखमाता मात्र एका विशिष्ट दिवशीच्या विशिष्ट घटनेतील पात्र आहे. तिच्या वस्त्राचा काळा रंगसुद्धा त्या घटनेचा भाग आहे.

आमच्या प्रतिपादनाला हस्तिदंती क्रूसमूर्ती हा खरा अपवाद आहे. घरातल्या देव्हाऱ्यासाठी केलेल्या या लहान मूर्तींना ना वस्त्र, ना मिरवणूक. त्यांतील मान टाकलेला ख्रिस्त, बरगड्यांखाली आत गेलेले पोट, कमरेच्या वस्त्राच्या चुण्या, हे सर्व स्वयंपूर्ण शिल्प म्हणूनच पारखले पाहिजे, आणि त्या कसोटीस त्यांतील उत्तम नमुने सहज उतरतात. त्या घडविणाऱ्यांना भाव कोरता येत नव्हता असे म्हणण्याची सोय उरत नाही.

जुने गोवे येथील सांता मोनिका मठातील क्रुसाची हकीकत या संदर्भात बोलकी आहे. 1636 मध्ये त्यावरील ख्रिस्ताने डोळे उघडले आणि जखमांतून रक्त वाहिले, अशी वार्ता पसरली व तो क्रूस तीर्थस्थान बनला. चमत्काराच्या सत्यासत्यतेशी येथे कर्तव्य नाही. मिटलेल्या डोळ्यांच्या मूर्तीपुढे प्रार्थना करणाऱ्यांना ते डोळे उघडू शकतात असे वाटत होते, एवढे पुरे. त्याच मठाच्या वास्तूत 2002 पासून ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे, आणि मिरवणुकीसाठी घडविलेल्या मूर्ती तेथे स्थिर प्रकाशात पाहावयास मिळतात. वर उल्लेखिलेला अभिप्राय बहुधा अशाच ठिकाणी तयार होतो.