रीगाचं ब्लॅकहेड्स हाऊस आणि १९४८ची गाळलेली ओळ

रीगाचे फोटो शोधा, हे घर दिसणारच. लाल विटा, पायऱ्यापायऱ्यांनी निमुळतं होत जाणारं शिखर, पुतळे, भलंमोठं घड्याळ. लॅटव्हियाच्या राजधानीतलं हे ‘ब्लॅकहेड्स हाऊस’. ब्लॅकहेड्स म्हणजे अविवाहित व्यापाऱ्यांची, बहुतांशी जर्मनांची संघटना. त्यांचा संत मॉरिस आफ्रिकी मानला जायचा. त्याचं काळं मस्तक त्यांच्या ढालीवर असे. लग्न होईपर्यंत मेजवान्या, नाचगाणी, ओळखीपाळखी सगळं इथेच. थोडक्यात, बॅचलर लोकांचा श्रीमंत क्लब.

इमारतीचा पहिला उल्लेख १३३४चा. ब्लॅकहेड्स आधी भाडेकरू होते, १७१३मध्ये मालक झाले. दर्शनी नक्षीकाम मात्र सतराव्या शतकातलं, डच धाटणीचं. मागे साधंसं मध्ययुगीन सभागृह, पुढे हा भरजरी पोशाख.

जून १९४१मध्ये जर्मन माऱ्यात हे घर उद्ध्वस्त झालं. १९४८मध्ये सोव्हिएत सत्तेने उरलेल्या भिंतीही पाडल्या. आज जे उभं आहे ते १९९५ ते १९९९ या काळात बांधलेलं. खरं जुनं उरलंय ते तळघर.

मी दिवसभर कोड लिहितो, म्हणून मला हे असं दिसतं: फाइल बॅकअपमधून परत आली, पण तिची हिस्टरी आली नाही. विटा नव्या आहेत याला माझी हरकत नाही. सांधा कुठेच दिसू दिला नाही, याला आहे. समोरून पाहणाऱ्याला १९४८ साल घडलंच नाही असं वाटावं, इतकं हे काम सफाईदार आहे.

‘मी कोसळलोच तर मला पुन्हा उभारा’ अशा अर्थाची जर्मन ओळ या घरावर होती, हे गाइड हौसेने सांगतात. ती विनंती पुरी केली कोणी? लॅटव्हियन लोकांनी, ज्यांच्यावर या जर्मन वर्गाने शतकानुशतकं हुकूम चालवला. बाल्टिक जर्मन १९३९पासून देश सोडून गेले. ब्लॅकहेड्सची संघटना आज ब्रेमेनमध्ये आहे. म्हणजे घर परत आलं, घरमालक नाही. सोव्हिएतांनी पुसलेलं परत लिहिणं, हाच यामागचा खरा हट्ट असावा. तो मला पटतो. पण मग पुसल्याची खूणही ठेवायची ना!

ती खूण शेजारीच आहे. सोव्हिएत काळातली काळपट, चौकोनी, ठोकळ्यासारखी इमारत. आधी लाल रायफलधाऱ्यांचं स्मारक संग्रहालय, १९९३पासून परकीय सत्तांच्या ताब्यातल्या वर्षांचं संग्रहालय. अनेकांना ती कुरूप वाटते. फोटोत ती येऊ नये म्हणून लोक चार पावलं सरकतात. मला मात्र दोन्ही एकाच फ्रेममध्ये हव्यात.