यंत्राचा ठेका, माणसांचा ताल

डिसेंबर १९८३. हॉलिवूडच्या पँटाजेस थिएटरचा रंगमंच उघडाबोडका आहे, मागची भिंतही झाकलेली नाही. डेव्हिड बर्न गिटार घेऊन एकटाच येतो, टेपरेकॉर्डर खाली ठेवतो आणि यंत्राच्या ठेक्यावर 'सायको किलर' गातो. गाणं संपताना त्या ठेक्याचे तडाखे बसल्यासारखा तो मंचभर अडखळतो. दुसऱ्या गाण्याला टीना वेमथ बेस घेऊन येते, तिसऱ्याला क्रिस फ्रांझ ड्रमवर बसतो, चौथ्याला जेरी हॅरिसन. सहाव्या गाण्याला मंचावर नऊ जण झालेले असतात. जॉनथन डेमीच्या 'स्टॉप मेकिंग सेन्स' (१९८४) या चित्रपटातली 'टॉकिंग हेड्स' या बँडची ही मैफल मला रॉकमधली सर्वांत श्रेष्ठ वाटते, कारण ताल कसा बांधत नेतात ते इथे डोळ्यांना दिसतं.

या बांधणीचं मूळ १९८०च्या 'रिमेन इन लाइट'मध्ये आहे. निर्माता ब्रायन इनोसोबत तो अल्बम करताना बँडला फेला कुटीच्या नायजेरियन आफ्रोबीटचा ध्यास लागला होता. रॉकचं गाणं एरवी कॉर्ड बदलत पुढे सरकतं. इथे ते एकाच जागी घट्ट बसून फिरत राहतं. तबल्याच्या एकलवादनात नगमा धरणारा जसा तीच ओळ अविचल वाजवतो, तसा वेमथचा बेस. यात फंकही मिसळलेला आहे, आणि फंकमध्ये पहिल्या मात्रेवरचा जोर म्हणजे जणू सम, फक्त ती फार लवकर लवकर येते. मैफलीत तिच्याभोवती गिटारचे तुटक तुकडे, स्टीव्ह स्केल्सचे काँगा, गायिकांचे प्रतिसाद. एकेकाचं वाजवणं सुटं काढलं तर अगदी किरकोळ. सगळी एकमेकांच्या फटीत बसली की अंग हलायला लागतं.

पार्लमेंट-फंकाडेलिकचा बर्नी वॉरेल कीबोर्डवर आहे, ब्रदर्स जॉन्सनकडून आलेला अॅलेक्स वेअर गिटारवर. ते साथीला बसलेले नाहीत. मैफलीचा भार त्यांनी पेलला आहे. तरी बँड म्हणून नाव पहिल्या चौघांचंच, आणि ज्या आफ्रोबीटवर हे उभं आहे तिथला कोणी मंचावर नाही. ही उणीव मला खुपते. म्हणून २०१८मध्ये बेनिनच्या अँजेलिक किजोने 'रिमेन इन लाइट' सबंध नव्याने गायला, आणि फेलाचा ड्रमवादक टोनी अॅलन याने त्यात ड्रम वाजवले, ते फार महत्त्वाचं वाटतं. तिच्या गळ्यात ती गाणी घरी आल्यासारखी वाटतात.

२०२३मध्ये चित्रपट नव्या प्रतीत पुन्हा पडद्यावर आला, तेव्हा आजच्या मैफलींशी त्याचा फरक ठळक जाणवला. आजच्या मोठ्या मैफलींत वादकांच्या कानात लय मोजून देणारा क्लिक ट्रॅक असतो, सूर-ठेक्याचा बराच भाग आधीच ध्वनिमुद्रित असतो. चूक होत नाही, पण वादक एकमेकांकडे बघायचेही थांबतात. पँटाजेसमध्ये यंत्राचं काम बहुतेक पहिल्या गाण्यापुरतं. 'लाइफ ड्युरिंग वॉरटाइम'मध्ये गायिका जागच्या जागी धावतात, बर्न मंचाला फेऱ्या मारत सुटतो, आणि मध्ये वेमथ आणि फ्रांझ लय धरून ठेवतात.