विनामूल्य शिबिर आणि वेदनेची आठ कारणे

निवासी ध्यानशिबिर म्हटले की दादर, परळ, लालबाग येथील बौद्ध उपासक-उपासिकांना प्रथम इगतपुरीचे धम्मगिरी आठवते. आचार्य सत्यनारायण गोयंका यांनी भारतातील आपले पहिले दहा दिवसांचे विपश्यना शिबिर जुलै १९६९ मध्ये दक्षिण मुंबईतील पंचायतीवाडी धर्मशाळेत घेतले. १९७६ पासून धम्मगिरीत शिबिरे भरू लागली. या परंपरेचे मूल्यमापन करताना दोन टोके टाळावयास हवीत. ध्यान ही समाजकार्यापासूनची पळवाट आहे असे म्हणून ते झिडकारणे, हे एक टोक. शिबिरात ऐकलेला प्रत्येक शब्द बुद्धवचन मानणे, हे दुसरे.

या परंपरेचे श्रेय आधी मान्य केले पाहिजे. शिबिरात निवास व भोजन यांचे शुल्क नाही. शिबिर पूर्ण केलेल्या साधकाकडूनच दान स्वीकारले जाते आणि ते पुढे येणाऱ्यांसाठी वापरले जाते. दानपारमितेचा असा शिस्तबद्ध विनियोग आपल्या संस्थांनीही अभ्यासावा. विपश्यना विशोधन विन्यासाने अट्ठकथांसह तिपिटक देवनागरीत उपलब्ध केले, हे ऋण पालीचा कोणताही विद्यार्थी नाकारणार नाही.

तथापि, ‘विनामूल्य’ आणि ‘परवडणारे’ हे समानार्थी शब्द नव्हेत. रोजंदारीवरील कामगाराला किंवा चार घरची धुणीभांडी करणाऱ्या उपासिकेला दहा दिवसांची बुडालेली मजुरी हेच शिबिराचे शुल्क पडते. एवढे मोल देऊन जे ऐकले जाते, ते पाली ग्रंथांच्या कसोटीवर तपासणे म्हणूनच अगत्याचे आहे.

शिबिरातील प्रवचनांत शरीरावरील संवेदनांची कारणे म्हणून आहार, वातावरण, वर्तमान संस्कार व पूर्वसंस्कार यांचा निर्देश होतो. अभिधम्मातील रूपाची चार समुट्ठाने म्हणजे कम्म, चित्त, उतु व आहार. त्यांच्याशी ही चौकट जुळते, तेव्हा ती निराधार म्हणता येत नाही. परंतु सारा भर पूर्वसंस्कारांवर पडतो: तटस्थपणे पाहिले असता जुने संस्कार संवेदनारूपाने वर येतात व क्षीण होतात. सतिपट्ठान सुत्तात मात्र वेदना सुखद, दुःखद किंवा असुखद-अदुःखद आहे, ती सामिष आहे की निरामिष, एवढेच जाणावयास सांगितले आहे. ती कोणत्या जुन्या संस्काराचे फळ, हा प्रश्न तेथे उपस्थितच होत नाही.

याहून निर्णायक पुरावा संयुत्तनिकायातील सीवक सुत्ताचा आहे. माणूस जे जे भोगतो ते सर्व पूर्वकृत कर्मामुळेच, असे मानणाऱ्यांविषयी मोळियसीवक परिव्राजक विचारतो. भगवंत वेदनेची आठ कारणे सांगतात: पित्त, कफ, वात, या तिन्हींचा सन्निपात, ऋतुपालट, विषम परिहार, ओपक्कमिक म्हणजे बाहेरून झालेला आघात, आणि कर्मविपाक. कर्मविपाक हे आठांपैकी केवळ एक कारण होय; सर्व काही पूर्वकर्मानेच घडते, हे मत भगवंत चुकीचे ठरवतात.

सातवे कारण शिबिराच्या चौकटीत कोठे बसते? अट्ठकथा त्याचा अर्थ चोर समजून धरून केलेली मारहाण असा देते. अर्थ मर्यादित असला तरी तत्त्व स्पष्ट आहे: दुसऱ्याच्या कृतीनेही दुःख होते. गिरणगावाला हे वेगळे सांगावयास नको. धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागतो, या सबबीवर अस्पृश्य कामगारांना अधिक मजुरीच्या विणकाम खात्यात मज्जाव होता. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न ठामपणे मांडला. त्या कामगाराच्या दुःखाचे मूळ त्याच्याच पूर्वसंस्कारात शोधणे हा सीवक सुत्ताचा अधिक्षेप ठरेल. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त नाकारला, तो दीनदुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी समाजाने व शासनाने टाळू नये म्हणूनच. त्यांच्या या भूमिकेला पाली आधार नाही, असे म्हणणाऱ्यांनी हे सुत्त अवश्य वाचावे.

यावर शिबिरे सोडणे हा उपाय नव्हे. आनापानाने चित्त स्थिर होते, क्रोध आवरता येतो, आणि चळवळीलाही स्थिर चित्ताची माणसे हवी असतात. आवश्यकता आहे ती पूरक व्यवस्थेची. धर्मानंद कोसंबी यांनी परळच्या कामगारवस्तीत बहुजन विहार उभारला आणि ‘समाधिमार्ग’ लिहून ध्यानविषय मराठी वाचकांच्या हाती दिला. विहार कामगाराच्या दारी आणि ग्रंथ त्याच्या भाषेत, ही ती दृष्टी होय. उपोसथाची प्रथा एका अहोरात्राची आहे. शनिवारी सायंकाळी विहारात यावे, अष्टशील ग्रहण करावे, ध्यान करावे, सीवक सुत्तासारखे एखादे सुत्त अर्थासह वाचून त्यावर चर्चा करावी आणि रविवारी सायंकाळी घरी परतावे. साप्ताहिक सुटी असलेल्याची यात एका दिवसाचीही मजुरी बुडत नाही. ज्यांना ती सुटीही नाही, त्यांच्यासाठी एका रात्रीची बैठक ठेवता येईल. प्रत्येक विहार समितीने महिन्यातून एकदा एवढे करणे अशक्य नाही.