बशीतली मेणबत्ती

मुलांसाठी लिहिलेल्या प्रयोगांच्या पुस्तकांची पारख कशी करावी? चित्रे सुबक आहेत का, साहित्य घरात मिळते का, हे आपण पाहतो, आणि ते पाहायलाच हवे. पण पुस्तक मुलाला प्रश्न विचारायला लावते की नुसत्या टाळ्या पिटायला, ही खरी कसोटी होय.

बशीतल्या मेणबत्तीचा जुना प्रयोग घ्या. बशीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, तिच्यावर उपडा काचेचा पेला. ज्योत विझते आणि पाणी पेल्यात चढते. कितीतरी पुस्तके येथे निकाल देऊन मोकळी होतात: हवेचा एक पंचमांश भाग प्राणवायू, तो जळून गेला, त्याची जागा पाण्याने घेतली! आकडा ओळखीचा, म्हणून मास्तरही खूश आणि पालकही.

मात्र नीट पाहणाऱ्या मुलाला निराळेच दिसते. पाणी झपाट्याने चढते ते ज्योत विझल्यावर. पेला ठेवताना कधीकधी कडेने बुडबुडे निसटतात. एकीऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या, तर पाणी अधिक चढते. प्राणवायू तर पेल्यात वाढलेला नसतो! मुख्य कारण असे, की ज्योतीने तापून फुगलेल्या हवेतली थोडी बाहेर जाते आणि उरलेली निवताच आकसते. ज्योत विझते तेव्हा पेल्यातला सारा प्राणवायू संपलेलाही नसतो. अशा पुस्तकाचे उत्तर चुकते, हा लहान दोष. मुलाने स्वतःच्या डोळ्यांपेक्षा छापील ओळीवर विश्वास ठेवावा, असे ते शिकवते, हा मोठा.

हीच मेणबत्ती मायकेल फॅरडे यांच्या हाती कशी बोलकी होते पाहा. १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी मुलांपुढे मेणबत्तीवर सहा व्याख्याने दिली. १८६१ साली त्यांचे पुस्तक झाले. ज्योतीच्या गाभ्यात काचेची नळी धरून त्यांनी आतली वाफ बाहेर आणली आणि नळीच्या दुसऱ्या टोकाशी ती पेटवून दाखवली. जळते ती मेणाची वाफ, हे मुलांना आधी दिसले, मग कळले. नवलाचा क्रम असाच हवा.

आपल्याकडे हा वारसा अरविंद गुप्ता यांनी चालवला. १९८७ च्या त्यांच्या 'मॅचस्टिक मॉडेल्स' या पुस्तकात भांडवल काय, तर आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे! तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी हलत नाही. चार काड्यांचा चौकोन लगेच कलंडतो. पाचवी काडी तिरपी घातली की त्या कलंडलेल्या चौकोनाचे दोन त्रिकोण होतात आणि तो ताठ उभा राहतो. पुढे रेल्वेच्या पुलावरचे लोखंडी त्रिकोण पाहून मुलाने मान वळवली, तर पुस्तकाचे सार्थक झाले. मजकूर मात्र त्रोटक आहे. शेजारी बसणाऱ्या मोठ्या माणसाला धीर नसेल, तर खेळणे खेळणेच राहील.

तेव्हा या दिवाळीत मुलांना खुशाल बशी, पेला आणि मेणबत्त्या द्याव्या. विस्तवाशी खेळ, म्हणून जवळ बसावे, पण "असे का?" हा प्रश्न मुलाने विचारीपर्यंत उत्तर सांगण्याचा मोह आवरावा. पुस्तकांनीही तेवढा संयम शिकायला हवा.