ठाकरी नाचगाणे आणि त्याची छापील संहिता

लोकगीताची छापील संहिता म्हणजे लोकगीत नव्हे, हे विधान अभ्यासक तत्त्वतः मान्य करतात. व्यवहारात मात्र गीत हाती आले की त्यातील प्रतिमा, अलंकार आणि भावविशेष यांचा शोध सुरू होतो. मराठीत असे घडण्यास सबळ कारण आहे. आपल्या लोकगीतसंशोधनाची जडणघडण मुख्यतः ओवीच्या आधारे झाली. साने गुरुजींच्या ‘स्त्रीजीवन’मधील ओव्या जात्यापासून दूर, ग्रंथालयात बसून वाचल्या तरी काव्य म्हणून उभ्या राहतात. त्यांवरून जो मानदंड सिद्ध झाला तोच पुढे सर्व लोकगीतांना लावला गेला, आणि सह्याद्रीच्या उतारावरील ठाकरांच्या नाचगाण्यावर त्यायोगे अन्याय झाला.

कर्जत तालुक्यातील कोंडाणे हे राजमाचीच्या पायथ्याचे गाव. उल्हास नदीच्या या खोऱ्यात आणि भोवतालच्या डोंगरउतारांवर ठाकर व कातकरी यांच्या वाड्या आहेत. (पिंगुळीच्या चित्रकथी ठाकरांशी या ठाकरांची गल्लत करू नये, नामसादृश्यामुळे ती वारंवार होते.) सणवार आणि लग्न हे येथील नाचाचे प्रसंग. ढोल वाजू लागला की नाचणाऱ्यांची फळी धरली जाते. एकजण ओळ उचलतो, इतर ती झेलतात. ओळ लहान, शब्द रोजच्या बोलण्यातले. तीच ओळ पुनःपुन्हा येते, आणि संग्राहक तिच्यापुढे दोनचा आकडा घालून मोकळा होतो. वस्तुतः गीताचे सारे घडते ते येथेच. ढोलाची लय वाढते, पावलाचा भार बदलतो, झेलणाऱ्यांचा आवाज मूळ ओळ संपण्यापूर्वीच तिच्यावर चढतो. विसाव्या वेळी येणारी ओळ ही पहिल्या वेळची ओळ नव्हे. शब्दांचे दारिद्र्य म्हणून जे नोंदले जाते, ती ढोलासाठी आणि पावलासाठी शब्दांनी मोकळी सोडलेली जागा असते.

अशोक दा. रानडे यांनी संगीताच्या कोटी कल्पिताना आदिम संगीत आणि लोकसंगीत यांत भेद केला, तो येथे उपयोगी पडतो. ठाकरी नाचगाण्यात स्वर, शब्द आणि हालचाल ही तीन अंगे एकत्र आणलेली नसून ती अद्याप विलगच झालेली नाहीत. त्यातून चाल तेवढी वेगळी काढून तीत भूपाची वा दुर्गेची छाया शोधणे हा त्याच चुकीचा सांगीतिक अवतार होय. लोकधुनेतून राग निर्माण होतात हे कुमार गंधर्वांनी दाखविले. परंतु ते गायकाचे काम होते, संग्राहकाचे नव्हे.

कोंडाण्याच्या लेण्यांचाही येथे विचार करणे प्राप्त आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास कोरलेल्या या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर नृत्य करणाऱ्या स्त्रीपुरुषांची शिल्पे आहेत. त्यांचे आणि आजच्या वाडीवरील नाचाचे नाते जोडण्याचा मोह अनावर होतो. तथापि या दोहोंच्या मध्ये दोन सहस्र वर्षांचे अंतर आहे आणि ते सांधणारा पुरावा नाही. शिल्पात लय गोठलेली असते. तिच्यावरून ढोलाचा ठेका काढता येत नाही.

अधिक गुंतागुंतीचा प्रश्न ‘जैत रे जैत’चा आहे. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरून जब्बार पटेल यांनी १९७७ साली केलेला हा चित्रपट कर्नाळ्याच्या परिसरातील ठाकरांचे जीवन मांडतो. त्यातील गीते ना. धों. महानोरांची, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचे. कलाकृती म्हणून तिचे मोल निर्विवाद आहे. परंतु महानोर हे अजिंठ्याच्या परिसरातील पळसखेड्याचे शेतकरी कवी. पेरणी, पीक आणि आभाळ यांनी भरलेली त्यांची प्रतिमासृष्टी कोरडवाहू शिवारातून आलेली आहे. या गीतांतील शब्द ढोलासाठी मागे सरत नाहीत. ढोलच शब्दांना वाट करून देतो. ठाकरी नाचगाण्याचे नाते नेमके याच्या उलट आहे. तरीही सुशिक्षित श्रोत्याच्या मनात ‘ठाकरी गीत’ म्हणून आज हीच गीते आहेत. स्नेहसंमेलनांतही त्या नावाखाली पुष्कळदा त्यांचीच योजना होते. परिणामी, वाडीवरचे खरे गाणे कानी पडताच ते अपुरे, कच्चे वाटू लागते. हा दोष कवीचा वा संगीतकाराचा नव्हे. ऐकण्यापूर्वीच निकष ठरविणाऱ्या रसिकाचा आहे.

हिमालयाच्या कुमाऊँ प्रदेशातही असेच घडले. मोहन उप्रेती आणि ब्रिजेन्द्रलाल शाह यांच्या हातून १९५२च्या सुमारास आकारास आलेले एक गीत तेथील लोकसंगीताचे प्रतीकच होऊन बसले. भातलावणीच्या वेळी हुडका वाजवून गायिला जाणारा ‘हुडकिया बौल’ मात्र शेताबाहेर फारसा कोणास ठाऊक नाही. श्रमाशी बांधलेले गाणे मंचावर नेता येत नाही, आणि जे मंचावर जाते तेच नमुना ठरते.

गी पॉइटवाँ आणि हेमा राइरकर यांनी ओव्यांचा जो एक लाखाहून मोठा संग्रह केला, त्यात शब्दांबरोबर ध्वनिमुद्रणालाही स्थान मिळाले. ठाकरी नाचगाण्यासाठी तेवढ्यानेही भागणार नाही. ओळ कोणी उचलली, ती किती वेळ चालली, ठेका कोठे बदलला आणि त्या क्षणी पाऊल कोणते पडले, याची नोंद हवी. कातकऱ्यांच्या बाबतीत काम याहून कठीण आहे. दिवाळीनंतर त्यांतील अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. त्या काळात वाडीवर फळी धरण्यास पुरेशी माणसेच नसतात. भट्टीवरील मुक्कामात गाणे होते काय, होत असल्यास ढोलाविना ते कसे उभे राहते, हे कोंडाण्यात बसून कळणार नाही. त्यासाठी संशोधकाने भट्टीवरच गेले पाहिजे.