एसीएल पुन्हा तुटण्याचा धोका 'पाच पट': हा आकडा नीट वाचूया

अमरावती-अकोल्याकडे कबड्डी खेळणाऱ्या एखाद्या पोराचं लिगामेंटचं ऑपरेशन झालं आणि वर्ष-दोन वर्षांत ते पुन्हा तुटलं, की आपण लगेच म्हणतो, "मैदानात उतरायची घाई केली असंल." कधी ते खरंही असतं. पण हाडाच्या ठेवणीचाही यात वाटा आहे. नडगीच्या हाडाचा वरचा भाग मागच्या बाजूला थोडा उतरता असतो. उतार जास्त असेल तर पायावर भार आला की नडगी पुढे सरकू पाहते, आणि तिला धरून ठेवणाऱ्या एसीएलवर ताण वाढतो.

या विषयावर हमखास समोर येणारा पेपर म्हणजे वेब आणि सहकाऱ्यांचा, २०१३ चा. सिडनीचे १८१ रुग्ण, १५ वर्षांचा पाठपुरावा. निष्कर्ष असा: उतार १२ अंश किंवा जास्त असेल तर पुन्हा दुखापतीचे 'ऑड्स' पाच पट, प्रमाण ५९ टक्के.

इथे थांबा. ऑड्स म्हणजे टक्केवारी नव्हे. ५९ ला ४१ ने भागा, १.४४ येतं. त्याचा पाचवा भाग ०.२९, म्हणजे साधारण २२ टक्के. ढोबळ हिशेबाने धोका पावणेतीन पटीच्या आसपास. तोही कमी नाही, पण पाच पट नाही नं!

आणखी एक. त्या ५९ टक्क्यांत ऑपरेशन झालेला गुडघाही आहे आणि दुसरा, न शिवलेला गुडघाही. 'हाडाचा आकार धोकादायक आहे का?' या प्रश्नासाठी मला हे उलट चांगलं वाटतं, कारण एकाच माणसाचे दोन्ही उतार बरेचसे सारखे असतात. ज्यांचे दोन्हीकडचे तुटले त्यांची सरासरी १२.९ अंश निघाली, ती त्यामुळेच बोलकी आहे. पण 'केलेलं ऑपरेशन किती टिकेल?' याचं उत्तर म्हणून तोच आकडा वापरता येत नाही.

माझी खरी शंका मात्र मोजमापावर आहे. पुन्हा दुखापत न झालेल्यांची सरासरी ८.५, झालेल्यांची ९.९. फरक १.४ अंश! बाजूने काढलेल्या एक्स-रेत पाय जरा फिरला किंवा रेघ जरा वेगळी ओढली, तरी एवढा फरक पडू शकतो. आणि अशा अंशांवर पुढे हाड कापून उतार कमी करायचा निर्णय होतो. त्याबद्दलचा देजूर यांचा २०१५ चा पेपर फक्त ९ रुग्णांचा आहे, तुलनेला दुसरा गट नाही.

आपल्याकडच्या रुग्णांवर काम करणार असाल तर १२ ही रेषा तयार उचलू नका. आधी तेच एक्स-रे दोघांनी, एकमेकांचे आकडे न बघता मोजा. दोघांत दीड अंशाचा फरक आला, तर गाईडकडे आधी तो तक्ता घेऊन जा.