लहान होत जाणारा दिवस आणि मराठी कविता

मराठी ऋतुकाव्याविषयी एक आक्षेप जाणकारांच्या बोलण्यात अधूनमधून येत असतो. उन्हाळा सरून दिवस आखडू लागल्याची जी हुरहुर युरोपीय कवितेत आहे, ती मराठीत आढळत नाही, असा तो आक्षेप. जॉन कीट्सची शरद ऋतूवरील प्रख्यात कविता सप्टेंबर १८१९ मधली. तिचा शेवट मावळत्या दिवसाच्या शांत देखाव्यात होतो. जपानी भाषेत तर शरदातला सूर्य विहिरीत सोडलेल्या पोहऱ्यासारखा झरकन खाली जातो, अशी म्हणच आहे. आपल्याकडे पावसावर विपुल लिहिले गेले, चांदण्यावर लिहिले गेले. रोज कणाकणाने उणावणाऱ्या उजेडावर कोणी लिहिले? प्रश्न वरवर पाहता रास्त वाटतो. मात्र त्याचे उत्तर शोधण्याआधी तो आपल्या भूमीला कितपत लागू पडतो, हे पाहिले पाहिजे.

प्रथम आकाशाकडे पाहू. मोहगाव, सौंसर, पांढुर्णा हा आपला पट्टा कर्कवृत्ताच्या थोडा दक्षिणेस, सुमारे साडेएकवीस अक्षांशावर येतो. येथे जूनअखेरचा दिवस जवळजवळ साडेतेरा तासांचा असतो आणि डिसेंबरातला पावणेअकरा तासांच्या आसपास. म्हणजे वर्षभरातील अंतर अडीच-पावणेतीन तासांचे. लंडनमध्ये हेच अंतर पावणेनऊ तासांच्या घरात जाते. सप्टेंबरच्या शेवटी तेथे दिवस रोज चार मिनिटांनी तुटतो. आपल्याकडे सव्वा मिनिटाने. तिकडचा माणूस आठवड्याभरात अर्धा तास गमावतो आणि त्याला ते जाणवते. आपल्याकडची तूट इतकी मंद, की ती घड्याळात दिसण्याआधी अंगणात दिसते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. आपला उन्हाळा मृग नक्षत्राबरोबर, जूनच्या पहिल्या पंधरवड्यात संपतो, आणि सर्वांत मोठा दिवस येतो २१ जूनच्या सुमारास. उन्हाळा सरणे आणि दिवस लहान होणे या दोन घटना तिकडे हातात हात घालून येतात. आपल्याकडे त्यांच्यामध्ये पावसाचा पडदा असतो. दिवस ढगांआड लहान होत जातो. भाद्रपद ओसरून आकाश निवळते, तेव्हा कळते की संध्याकाळ आपल्या नकळत बरीच अलीकडे सरकली आहे.

शिवाय उन्हाळ्यातला सूर्य आपल्याला प्रिय नाही. ‘ऋतुसंहारा’त ग्रीष्माचे वर्णन आरंभताना कालिदासाने त्या दिवसांचा शेवट रमणीय असतो, असे पहिल्याच श्लोकात नोंदवून ठेवले आहे. वैशाखात दुपारभर दारे-खिडक्या लावून बसलेले घर दिवस कलला की उघडते, अंगणात पाणी शिंपडले जाते, बाजा बाहेर येतात. अशा मुलखात सूर्य मावळणे ही सुटका असते. तेव्हा उजेड उणावल्याबद्दल शोक करणारी कविता येथे सहज उगवली नाही, यात उणीव शोधण्याचे कारण नाही. संवेदनेचा रोख वेगळा आहे, इतकेच.

तो रोख कोणता, हे पाहण्यासाठी आपल्या शेजारीच जावे लागते. ‘मेघदूता’तील रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक, असे मत म. म. वा. वि. मिराशी यांनी मांडले. ते मान्य करणाऱ्याच्या दृष्टीने यक्षाचा मेघ आपल्याच आकाशातून निघाला. या काव्याला चिंतामणराव देशमुख, कुसुमाग्रज, शांता शेळके यांच्यासारखे मराठी अनुवादक लाभले. त्याच्या कालगणनेकडे मात्र आपले लक्ष कमी जाते. आरंभ आषाढाचा. ‘प्रथम’ दिवस की ‘प्रशम’ म्हणजे अखेरचा दिवस, हा पाठभेदाचा वाद बाजूला ठेवू. शाप संपायचा आहे शेषशायी विष्णू जागा होईल तेव्हा, म्हणजे कार्तिकी एकादशीला. मधले चार महिने काढायचे आहेत. उत्तरमेघातला यक्ष या काळात दिवस आखडल्याची तक्रार करीत नाही. लांबलचक प्रहरांची रात्र क्षणासारखी आटोपती कशी होईल, हा त्याचा प्रश्न आहे. वियोगाचे माप तो रात्रीने मोजतो. आपल्या परंपरेतले दुःख हे असे आहे. दिवस लहान झाल्याचे दुःख आपण रात्र मोठी झाल्याच्या बाजूने मांडत आलो. युरोपीय कवीने जे ‘गेले’ म्हणून मोजले, ते आपल्या विरहिणीने ‘आले’ म्हणून मोजले.

याच चार महिन्यांचा आणि सूर्याचा संबंध पंचांगापलीकडे जाऊन पाहण्यासारखा आहे. संध्याकाळ सर्वांत उशिरा होते ती जुलैच्या पहिल्या आठवड्यात. आपल्याकडे तेव्हा सूर्य सातच्या सुमारास मावळतो. सर्वांत लवकर मावळतो तो मात्र डिसेंबरच्या २१ तारखेला नव्हे, तर जवळजवळ महिनाभर आधी, नोव्हेंबरच्या उत्तरार्धात, साडेपाचच्या सुमारास. पुढे दिवस आणखी लहान होतो, पण तो सकाळच्या बाजूने. म्हणजे संध्याकाळची माघार आषाढात सुरू होते आणि कार्तिकात थांबते. तिथींचे मागेपुढे होणे सोडले, तर हाच आपला चातुर्मास. देव झोपतात तेव्हा सायंकाळ मागे सरू लागते आणि देव उठतात त्या सुमारास तिची माघार थांबते. पूर्वजांनी हा मेळ हेतुतः घातला असे म्हणण्याचे कारण नाही. तथापि ज्याला सायंकाळचा उजेड जपायचा असतो, त्याला हा काळ व्रतांचा आणि दिव्यांचा वाटावा, हे साहजिक आहे.

आता आधुनिक कवितेकडे वळू. बालकवींच्या श्रावणावरील कवितेत पाऊस आणि ऊन यांचा लपंडाव आहे, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. तीत सूर्य मावळल्याचा भास होतो आणि लगोलग ऊन पुन्हा हसते, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाची आहे. श्रावणातली मावळती खोटी असते. गेलेला उजेड परत येतो. बालकवींचे सारे आनंदविश्व या परत येण्यावर उभे आहे. आश्विन-कार्तिकात गेलेला उजेड तसा परतत नाही, आणि ते महिने त्यांच्या कवितेच्या प्रसन्न प्रदेशाबाहेर राहतात. दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ (१९५६) बाराही महिन्यांतून फिरते. त्यांची नजर मुख्यतः झाडाच्या पालवीवर, फुलांच्या क्रमावर, आकाशाच्या रंगावर खिळते. महिना ओळखायचा तो रंगाने. दिवसाच्या लांबीने ओळखण्याची त्यांना गरज भासत नाही. हा त्यांच्या निरीक्षणाचा दोष नाही. आपल्या प्रदेशाचे ऋतुमान रंगांतून आणि ओलाव्यातूनच अधिक बोलते.

दुर्गाबाईंचा जन्म इंदूरचा, हे येथे मुद्दाम सांगावेसे वाटते. कारण मावळतीला मराठीत खरी प्रतिष्ठा दिली तीही मध्य भारतातल्याच एका कवीने. भा. रा. तांबे मुंगावलीत जन्मले, देवास-इंदूर-ग्वाल्हेरच्या परिसरात वाढले, ग्वाल्हेर दरबारचे राजकवी झाले आणि १९४१ मध्ये तेथेच निवर्तले. त्यांची ‘मावळत्या दिनकरा’ घरोघर पोहोचली ती लताबाईंच्या स्वरामुळे. पण गाण्याच्या गोडव्यात तिच्यातला विचार झाकला जाऊ नये. सायंकाळचे अर्घ्य ही नवी कल्पना नव्हे. संध्यावंदनात ते रोजचेच आहे, आणि कार्तिकातल्या छठपूजेत उत्तरेकडील स्त्रिया पाण्यात उभ्या राहून मावळत्या सूर्याला ते देतात. तांब्यांनी केले ते इतकेच, की विधीतल्या अर्घ्याला माणसाच्या कृतज्ञतेचा अर्थ दिला. उगवत्याला नमस्कार करणारे जग मावळत्याकडे पाठ फिरवते, हे शल्य त्यांनी बोलून दाखविले. ज्या घरांत वडीलधारी माणसे आहेत, त्या घरांना हा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. मात्र तांब्यांचा दिनकर कोणत्याही ऋतूत मावळू शकतो. वैशाखातली मावळती आणि कार्तिकातली मावळती त्यांना वेगळी करायची नाही.

पुढे नागपूरच्या ग्रेस यांनी संध्याकाळ हा मराठी कवितेचा स्वतंत्र प्रदेशच करून टाकला. ‘संध्याकाळच्या कविता’ १९६७ साली आल्या. येथे संध्याकाळ बाहेर होत नाही, ती आत होते; तिला घड्याळ नाही, महिना नाही. मराठी भाषेला त्यातून मिळालेला स्वर अपूर्व आहे यात शंका नाही. तरीही नागपूरची म्हणून जी एक विशिष्ट संध्याकाळ असते, ती त्यांच्या दुःखाच्या धुक्यात विरघळते. योगायोग असा, की ना. धों. महानोरांच्या ‘रानातल्या कविता’ही त्याच वर्षीच्या. तिथे रान आहे, पीक आहे, ओल्या मातीचा गंध आहे. सांजही आहे, पण ती भरलेल्या रानाची, तृप्तीची सांज. एकाच वर्षी आलेल्या या दोन संग्रहांच्या मधली जागा मोकळीच राहिली. जिथे उजेड कमी पडल्यामुळे हातातले काम अर्धे राहते, अशी ती संध्याकाळ.

ती कोणती, हे आपल्या भागात सांगण्याची गरज नाही. दसऱ्यानंतर कापसाची वेचणी सुरू होते. सकाळी बोंडांवर दव असते. ते वाळल्याखेरीज वेचणीला हात लावता येत नाही. संध्याकाळी साडेपाचलाच बोंड दिसेनासे होते. दिवस दोन्ही टोकांनी कापला जातो, आणि मजुरी मात्र वजनावर. ओट्यात किती किलो जमले यावर त्या बाईची संध्याकाळ ठरते. लहान दिवस म्हणजे हलका ओटा, हा हिशेब तिला कोणी शिकवावा लागत नाही. उद्धव शेळक्यांच्या ‘धग’ने (१९६०) वऱ्हाडी बोलीत कष्टकरी बाईचे जगणे कादंबरीत आणले. कवितेने मात्र उजेडाचा हा हिशेब पुरेसा मांडला नाही, असे म्हणणे भाग आहे. आक्षेपकांचा आक्षेप खरा ठरतो तो या जागी. कीट्सची हळहळ आपल्याकडे नाही, या जागी तो खरा ठरत नाही.

लिहिणाऱ्यांनी सोडलेली ही जागा गाणाऱ्यांनी आपल्या परीने भरली. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आपल्या घरांतून भुलाबाई बसत असे. हा महिना नेमका दिवस-रात्र समान होण्याच्या आगेमागे येतो. पावसाचा पडदा सरलेला असतो आणि अंधार लवकर पडतो, हे प्रथमच लक्षात येते. त्याच वेळी मुली घरोघर जाऊन गाणी म्हणतात, खिरापत ओळखण्याचा खेळ रंगतो, आणि शेवट होतो तो रात्र जागवून. पश्चिम महाराष्ट्रात हस्त नक्षत्राच्या सुमारास हादगा किंवा भोंडला येतो, तो याच काळात. अंधाराला भिण्याच्या वयातल्या मुलींना लोकपरंपरेने अंधार पडताच घराबाहेर काढले आणि त्यांच्या तोंडी गाणे दिले. पुढे आश्विन-कार्तिकात आकाशदिवा, तुळशीपुढची पणती, पहाटेची काकडआरती आणि त्रिपुरी पौर्णिमेची दीपमाळ येते. ‘दिवेलागण’ हा शब्दच पाहावा. उजेड गेला, असे तो म्हणत नाही. दिवे लावायची वेळ झाली, असे म्हणतो. तिन्हीसांजा, कातरवेळ, दिवेलागण यांतील प्रत्येक शब्द वेगळ्या मनःस्थितीचा आहे. कातरवेळेत जीव कापला जातो, तिन्हीसांजेला झोपू नये असा दंडक असतो, आणि दिवेलागणीला हाताला काम असते. भुलाबाई म्हणजे शंकर-पार्वतीचे जोडपे. मोहगावी त्याच दैवताचे अर्धनारीश्वराचे मंदिर आहे. संध्या या शब्दाचा अर्थही जोड असाच आहे. दोन भिन्न अर्धांना एकत्र पाहण्याची ही रीत या भूमीला परकी नाही.

प्रश्न आजचा आहे. १९५६ च्या पुनर्रचनेत विदर्भ वेगळा झाला आणि आपण हिंदी राज्यात राहिलो. २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला तरी शाळेची आणि कचेरीची भाषा हिंदीच आहे. नातवंडांना ‘शाम’ आणि ‘ईव्हनिंग’ हे दोन शब्द पुरतात. दिवाळीला पुण्याहून, बंगळूरहून, क्वचित लंडनहून आलेली मुले भाऊबीज आटोपून परत जातात, आणि सर्वांत लवकर अंधारणाऱ्या संध्याकाळी नेमक्या त्यानंतर येतात. घरात दोन वृद्ध, साडेपाचला मावळलेला दिवस आणि पुढे लांब रात्र. परदेशी गेलेल्या मुलाकडे डिसेंबरात चारच्या आतच काळोख होतो. त्या प्रदेशात हिवाळी उजेडाच्या अभावाने येणाऱ्या खिन्नतेला १९८४ साली नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आजार म्हणून नाव दिले. आपल्याकडची खिन्नता इतकी तीव्र नसेल. पण ती आहे, आणि तिच्यावर आपल्या आज्यांनी योजलेले उपाय शब्दांत आणि गाण्यांत होते. शब्द गेले तर उपायही जातात.

म्हणून या लेखाचा निष्कर्ष दुहेरी आहे. मराठीत लहान होणाऱ्या दिवसाची संवेदना नाही, हे म्हणणे टिकत नाही. ती रात्रीच्या बाजूने, दिव्याच्या बाजूने आणि गाण्याच्या बाजूने व्यक्त झाली आहे. मात्र कार्तिकातल्या साडेपाचच्या संध्याकाळची, कापसाच्या ओट्याची आणि मुले परतल्यानंतरच्या घराची कविता अजून लिहिली जायची आहे, आणि ती मुंबई-पुण्याहून येणार नाही. ती लिहिण्याचा अधिकार या भागाचा आहे. तोवर निदान एक काम आपल्या हातचे आहे. ज्या घरांत भुलाबाईची गाणी म्हणणारी आजी, काकू अजून आहे, त्या घरातील लिहित्या माणसाने वही घेऊन तिच्याजवळ बसावे आणि ती म्हणेल त्या बोलीत, एकही शब्द न सुधारता, ती उतरवून घ्यावीत. त्यासाठी भाद्रपद पौर्णिमेची वाट पाहण्याचे कारण नाही.